टेंगूळ नावाचं गाव

आमा,

तुझं गाव आता नकाशात सापडतं. नातीच्या शाळेसाठी जाडजूड ॲटलस आणला आहे. त्यात चीनच्या पानावर, खाली डाव्या कोपऱ्यात, ब्रह्मदेशाच्या रेघेला लगटून एक बारीक काळा ठिपका आहे. मी चष्मा काढून भिंगातून पाहिलं. नात म्हणाली, "आजी, काय शोधतेस एवढं?" मी म्हटलं, "माझ्या आईचं माहेर." ती हसली. तिला वाटलं, मी गंमत करते आहे. आपल्याकडे आईचं माहेर म्हणजे फार तर फलटण, नाहीतर माळशिरस. मी काही समजावत बसले नाही. तो ठिपका बोटाखाली धरून दुपारभर बसून राहिले, आणि आता हे लिहायला घेतलं आहे. तुला मराठी वाचता येत नव्हतं हे मला माहीत आहे. तरी लिहिते.

तुझ्या गावाला तीन नावं होती. माझे वडील, अण्णा, त्याला मोमेन म्हणायचे, कारण ते ब्रह्मदेशातून तिकडे गेले होते आणि ब्रह्मी लोक तसंच म्हणतात. इंग्रजांच्या वकिलातीत टेंगयुए लिहीत. आणि तू सांगायचीस, की बादशहाचं राज्य गेलं, नवं सरकार आलं, त्यांनी गावाचं नाव बदलून तेंगछुंग केलं, पण म्हाताऱ्या माणसांच्या तोंडात जुनंच राहिलं. आमच्या वस्तीवर यातलं एकही नाव कुणाच्या जिभेला वळेना. टेंगयुएचं दोन दिवसांत टेंगूळ झालं आणि तू झालीस टेंगळाची बाई. मी लहान होते, मला ते नाव खरंच वाटायचं. तू सांगायचीस की गावाभोवती सगळीकडे गोल गोल डोंगर आहेत, माथ्यावर खड्डा पडलेले, फार जुन्या काळी त्यांतून आग आलेली. मला वाटायचं, जमिनीच्या डोक्याला मार बसून टेंगळं आली, म्हणून गावाचं नाव टेंगूळ.

तू आलीस तेव्हा मी आठ-नऊ वर्षांची असेन. मला जन्म देणारी आई बाळंतपणातच गेली होती. अण्णा तेव्हा ब्रह्मदेशात सरकारी डॉक्टर होते. मला थोरल्या काकीच्या पदरात टाकून ते परत गेले, ते मला आठवायला लागल्यावर एकदाच येऊन गेले. मग पत्र आलं की नोकरी सोडून कायमचा येतो आहे. तात्या, म्हणजे माझे थोरले चुलते, मला बैलगाडीतून बारामतीच्या स्टेशनावर घेऊन गेले. दौंडहून येणारी ती छोटी गाडी. तिच्यातून अण्णा उतरतात, इतके वाळलेले की तात्या त्यांना क्षणभर ओळखत नाहीत. आणि त्यांच्या मागून तू. कुणीतरी कलकत्त्यात नेसवून दिलेलं लुगडं, पुढून वर, मागून जमिनीवर लोळणारं. डोक्यावर पदर नाही. तू सरळ तात्यांच्या तोंडाकडे बघितलंस आणि वाकून नमस्कार केलास, हात छातीशी धरून, तुमच्या पद्धतीनं. थोरल्या दिरासमोर धाकटी भावजय अशी उभी राहत नाही, हे तुला कुणी सांगितलंच नव्हतं. तात्यांनी मान फिरवून बैल जुंपले. घरी दारात काकी भाकरतुकडा घेऊन उभी होती आणि ओवाळू की नको म्हणून तात्यांच्या तोंडाकडे बघत होती. "कोन जात, कोन पात, काय ठावं न्हाय," ती पुटपुटली. तात्या म्हणाले, "ओवाळ. आली हाय म्हंजी आपलीच हाय." काकीनं ओवाळलं. पण तुझा पाण्याचा तांब्या मात्र तिनं पुढे कितीतरी दिवस वेगळा ठेवला.

तू मला जवळ बसवून आधी तुझी हाक शिकवलीस. आमा. म्हणजे आई. मला ती सोपी गेली. आपल्या वस्तीवर पोरं आईला आय म्हणायची, माय म्हणायची, त्यात आणखी एक. अण्णांनी बारामतीच्या पेठेत दवाखाना काढला आणि आपण तिघं तिथे मागच्या दोन खोल्यांत राहायला गेलो. ती वर्षं माझी सगळ्यात चांगली होती. तुझी भाषा अण्णांनी शिकवलेली हिंदुस्थानी आणि शेजारणींकडून उचललेली मराठी यांची खिचडी. तुला बाईपुरुषाचा भेद शब्दांत ठेवता आला नाही तो नाहीच. "पाणी आली," "अण्णा जेवली," असं बोलायचीस आणि शेजारणी पदरात तोंड लपवून हसायच्या. तूही हसायचीस. कशाला हसतात ते कळलं नाही तरी.

एकदा काकी मळ्यातली वांगी घेऊन आली होती. तू तांदूळ शिजवलास आणि तो गरम गरम भात उखळात घालून मुसळानं कांडायला लागलीस. काकी दारातच थबकली. "अगं बया! शिजल्या भाताला कुनी कांडतं व्हय? डोकं फिरलं का काय हिचं?" तू कांडत राहिलीस, घामानं डबडबलीस, भाताचा चिकट गोळा झाला. तो लाटून, दाबून, रात्रभर ओल्या फडक्यात ठेवलास आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या पातळ फोडी करून मिरची नि पालेभाजीवर परतल्यास. काकी मुद्दाम थांबली होती, बघायला. तिनं एक फोड उचलली, वास घेतला, खाल्ली, आणि ताटली पुढे केली. त्या दिवसानंतर तांब्या वेगळा राहिला नाही.

त्याच चुलीपुढे मी तुझं गाव शिकले. सारवलेल्या जमिनीवर तू राखेनं चौकोन काढायचीस. हा गावाचा तट, काळ्या दगडाचा. हे चार दरवाजे. दिवस मावळला की दरवाजे बंद, उशिरा आलेल्या खेचरवाल्यानं बाहेर झोपायचं. पश्चिमेच्या दरवाजाबाहेर लगेच नदी कड्यावरून खाली पडते, तिचा आवाज गावात ऐकू येतो. थोडं पुढे गेलं की जमिनीतून उकळतं पाणी येतं, फडक्यात बांधून अंडी सोडली तर शिजून येतात. आणि एक दगड असा आहे की पाण्यावर तरंगतो. हे काकीला खरं वाटलं. ती म्हणाली, "रामाच्या सेतूचा ऱ्हायला असंल तिकडं एखादा." इंदापूरच्या वाटेवर गाडी थांबली असताना तू एकदा खाली उतरून एक काळा दगड उचललास, त्याची भोकं चाचपलीस आणि म्हणालीस, "आमचीच दगड. हितं कशी आली?" पुढे शिक्षिका झाल्यावर मी भूगोलात वाचलं की आपला सगळा दख्खन म्हणजेही जुन्या काळी वाहून आलेला लाव्हाच. तू जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती. वर्गात शिकवता शिकवता मला तुझं बोलणं आठवलं.

गावाचा कारभार तुला चांगला ठाऊक होता, कारण तुझे वडील तिथल्या कचेरीत कारकून होते. आपल्या मामलेदारासारखा एक अधिकारी, तोच वसूल घेणार, तोच न्याय करणार. प्रांताच्या गावी सेनापती बदलला की इथला अधिकारी बदलायचा, पण कारकून तेच राहायचे. रंगूनहून येणारा कापूस, सूत आणि ब्रह्मदेशातला हिरवा मौल्यवान दगड यांवर जकात. जकातीचं नाकं चिनी सरकारचं, पण त्यावर बसलेला साहेब गोरा. तुला यात काही नवल वाटायचं नाही. गाव आणि सरहद्द यांच्यामध्ये खोल गरम दऱ्या, त्यांत शान लोकांचे वतनदार सरदार, पिढ्यान्‌पिढ्या तेच. त्या दऱ्यांत ताप असतो. खेचरवाले तिथे रात्र काढत नाहीत. आणि सरहद्द म्हणजे काय, तर एक ओढा. दर हिवाळ्यात त्या ओढ्याजवळ इंग्रजांचा साहेब आणि चिनी अधिकारी तंबू ठोकून बसतात आणि दोन्हीकडचे तंटे तोडतात. या बाजूचे बैल त्या बाजूनं पळवले, कुणाचा खून झाला, कुणाची बायको ओढ्यापलीकडे नेली. तुझे वडील लिहायला जायचे. लहानपणी एकदा त्यांनी तुलाही नेलं होतं. सरहद्दीचा खटला तिथे सुटतोच, हे तू इतक्या खात्रीनं सांगायचीस, की मला ती जागा देवळासारखी वाटायची.

तुझ्या आजोबांच्या वेळी त्या मुलखात मोठं बंड झालं होतं. मुसलमानांनी गाव घेतलं, बरीच वर्षं धरलं, मग बादशहाच्या फौजेनं वेढा घालून परत घेतलं. तोवर गाव उरलंच नव्हतं. तुझे आजोबा परत आले तर रस्त्यांत गुडघाभर गवत. त्यांनी जुन्या घराचा उंबरा पायानं चाचपून शोधला. "आमची गाव मोडते, परत बसते," तू म्हणायचीस, जसं आपण म्हणतो की यंदा पीक बुडालं.

हे सगळं मी गोष्टीसारखं ऐकत होते. त्यात तुझा मुलगा आहे हे मला अण्णा आजारी पडेपर्यंत माहीत नव्हतं.

अण्णांचा तिकडचा ताप अंगातून गेलाच नव्हता. दुसऱ्या की तिसऱ्या पावसाळ्यानंतर तो उलटला. स्वतः डॉक्टर, पण स्वतःला हात लावता येईना. ते निजलेले असताना मी तुमचं बोलणं ऐकलं. तू विचारत होतीस, "हिवाळ्यात जायची ना? मांडायची ना?" अण्णा म्हणाले, "पुढच्या हिवाळ्याला नक्की." आणि भिंतीकडे तोंड केलं. मग मी तुला विचारलं, काय मांडायचं, आणि तू मला सांगितलंस, सगळं, भाकऱ्या थापत, एकही भाकरी न बिघडवता. तुझा पहिला नवरा खेचरांचा तांडा घेऊन ब्रह्मदेशाकडे गेला तो त्या गरम दरीत तापानं मेला. पदरात मुलगा. वकिलातीच्या दवाखान्यात तू पट्ट्या धुवायला राहिलीस, तिथे ब्रह्मदेशातून बदलून आलेले अण्णा भेटले. त्यांनी लग्नाचं विचारलं तेव्हा तू एकच अट घातलीस, मुलगा बरोबर. पण सासरा कचेरीत गेला. अधिकाऱ्यानं ठरवलं, विधवेनं दुसरं घर केलं तर मुलगा बापाच्या घराण्याचा. तो निकाल तुझ्याच वडिलांनी लिहिला. त्यांचंच काम होतं ते. लिहून झाल्यावर ते घरी आले, जेवले नाहीत, आणि तुला म्हणाले की आता तू इंग्रजांच्या बाजूच्या माणसाची बायको होशील, म्हणजे तुझा खटला सरहद्दीचा होईल, तिथे माग. त्या शब्दावर तू ओढा ओलांडलास. माझ्याहून वर्षभरानं लहान होता तुझा मुलगा.

अण्णा त्याच थंडीत गेले. दवाखाना बंद झाला, आपण दोघी इंदापूर तालुक्यात तात्यांच्या मळ्यावर परतलो. कालव्याच्या पाण्यावर ऊस, केळी, भाजीपाला, बाजारवारी भरलेल्या गाड्या. तुला काम सांगावं लागत नव्हतं. पण सुतक फिटल्यावर तू तात्यांसमोर जाऊन उभी राहिलीस, आता पदर घेऊन, आणि म्हणालीस, "तात्या, मला सरहद्दीवर न्या."

तात्यांना चीन कुठे आहे हे ठाऊक नव्हतं. त्यांनी विचारलं, "बाई, लेकरू सासऱ्यापाशी हाय ना? नीट हाय ना?" तू म्हणालीस, "हाय. पन माझ्यापाशी न्हाय." दुसऱ्या दिवशी तात्यांनी गाडी जुंपली आणि तुला नि मला घेऊन इंदापूरच्या कचेरीत गेले.

ती सकाळ मला अजून दिसते. कचेरीच्या ओसरीवर माणसं उकिडवी बसली आहेत. मामलेदार रावसाहेब भला माणूस. त्यांनी तुला आत बोलावून बसायला सांगितलं. "बाईंचं म्हणणं काय?"

"रावसाहेब, धाकट्या भावाची बायको हाय ही," तात्या म्हणाले. "भाऊ गेला. हिचं लेकरू तिकडं चीनच्या हद्दीत ऱ्हायलंय. त्ये आनायचं, न्हायतर हिला तरी तिकडं धाडायची. कसं करावं ते तुमी सांगा."

रावसाहेबांनी चष्मा काढला. तेवढ्यात तूच बोललीस. "मुलगा तिकडं. मी हिकडं. म्हंजी सरहद्दीची खटला. हिवाळ्यात साहेब बसते, ओढ्याजवळ. तितं मांडा. तुमी कागूद द्या."

त्यांनी कपाटातून नकाशांचं पुस्तक काढलं, पिवळा चीन उलगडला, तुझ्यापुढे फिरवला. तू बराच वेळ बोट फिरवलंस. तुला नकाशा वाचता येत नव्हता, त्यांना वाचता येत होता पण त्यात तुझं गाव नव्हतं. शेवटी ते अगदी हळू म्हणाले, "बाई, माझ्या तालुक्याची सरहद्द म्हणजे भीमा नदी. पलीकडच्या कुणाचा बैल अलीकडे आला, तर मी दोन शब्द लिहू शकतो. तुमच्या सरहद्दीवर माझं काही चालत नाही हो."

"मग कुनाची चालते?" तू विचारलंस.

रावसाहेबांनी दौत जवळ ओढली, स्वतः बसून इंग्रजीत अर्ज लिहिला आणि पुण्याला पाठवला. पुण्याहून प्रश्न आले. लग्न कोणत्या कायद्यानं झालं? बाई कुणाची प्रजा? तात्या दर वेळी गाडी जुंपायचे, आपण जायचो, रावसाहेब वाचून सांगायचे, आपण परत यायचो. मग एकदा त्यांनी सांगितलं, की आता ब्रह्मदेश हिंदुस्थानातून वेगळा झाला आहे, त्याचं सरकार निराळं, इथून काही होणार नाही, रंगूनला लिहावं लागेल. तू मला वाटेत विचारलंस, "अण्णा असतानी एक व्हती. आता तोडली? कुनी तोडली?" मी तेव्हा मराठी सातवीच्या परीक्षेला बसले होते, वस्तीवर सगळ्यांत शिकलेली. मला काही सांगता आलं नाही.

रंगूनच्या उत्तराची वाट बघण्याच्या दिवसांत तू कालव्यावर धुणं घेऊन जायचीस. तिकडे एका उन्हाळ्यात बोलता बोलता तू सांगितलंस, की तुमच्या गावाबाहेर एक खेडं आहे, तिथले पुरुष दगडाच्या व्यापाराला ब्रह्मदेशात जातात आणि वर्षानुवर्षं येत नाहीत. पण ते पैसे धाडून ओढ्यावर दगडी खांबांचे, कौलारू छपराचे मांडव बांधून घेतात, बायकांना ऊन-पाऊस न लागता धुता यावं म्हणून. "नवरा न्हाय, सावली हाय," तू म्हणालीस. काकीनं ते रात्री जेवताना तात्यांच्या कानावर घातलं. दोन दिवसांनी त्यांनी गड्याला घेऊन कालव्याच्या काठाला, धुण्याच्या दगडाभोवती, चार मेढी रोवल्या आणि उसाच्या पाचटाचं छप्पर घातलं. कालव्यावर देखरेख करणारा पाटकरी आला. कालव्याच्या हद्दीत बांधकाम चालणार नाही म्हणाला. तात्यांनी त्याला बांधावर बसवून पहिल्यापासून सगळं सांगितलं, चीन, लेकरू, अर्ज. "माज्यानं तेवढंच झालं बघा," ते म्हणाले. पाटकऱ्यानं विडी ओढून संपवली आणि तो निघून गेला. पुन्हा त्यानं त्या छपराचं नाव काढलं नाही.

रंगूनहून उत्तर आलं ते असं. मुलगा चिनी प्रजा, आजोबांच्या ताब्यात, त्यात वकिलातीला पडता येत नाही. बाईंना जायचं असेल तर स्वतःच्या जबाबदारीवर जावं, हरकत नाही. रावसाहेबांनी "हरकत नाही" हे दोनदा वाचलं, आनंदाची बातमी असल्यासारखं. तुलाही ती आनंदाचीच वाटली. फलटणकडचं एक कुटुंब रंगूनला परत निघालं होतं, नवरा तिथे गोदीत मुकादम. तात्या जाऊन त्यांना भेटून आले. कलकत्त्यापर्यंत तात्या पोचवणार, तिथून बोटीत ती मंडळी, रंगूनपासून पुढे तू एकटी. काकी म्हणाली, "आन परत?" तू तिच्याकडे नुसतं बघितलंस. मग काकी आत जाऊन रडली आणि बाहेर येऊन शेंगदाण्याचे लाडू वळायला बसली.

तू त्याच्यासाठी सदरा शिवलास. त्याचं माप कुठून आणणार? मला उंबऱ्यात उभं केलंस, दोरा खांद्यावर धरलास, पाठीवर धरलास, मनगटापर्यंत आणलास. मग थोडा विचार करून दोरा बोटभर आखूड केलास. मी श्वास रोखून उभी आहे. तुझं तोंड माझ्या तोंडापुढे आहे, आणि तू माझ्याकडे बघत नाहीस.

जायची तयारी झाली आणि वर्तमानपत्रातून बातमी आली की रंगूनमध्ये दंगे उसळले आहेत, हिंदुस्थानी माणसांना घराघरांतून ओढून मारताहेत, बोटी इकडेच भरभरून येताहेत. मुकादमानं निरोप धाडला, आम्ही जात नाही. तात्या बारामतीला जाऊन चौकशी करून आले. ओसरीवर बसले, पागोटं काढून मांडीवर ठेवलं. "आता न्हाय, बाई," ते म्हणाले. "माज्या हातानं तुला तितं धाडायची न्हाय मी. जरा निवळू दे." तू विचारलंस, "पुढच्या हिवाळ्याला?" तात्यांनी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, मला कळलं नाही. तुला काय कळलं कोण जाणे. तोवर तुमच्या देशावर जपान्यांनी चढाई केल्याच्या बातम्याही येऊन जुन्या झाल्या होत्या. तू सदऱ्याची शिवण उसवून तो मोठा केलास. मी वाढत होते, तसा.

तो हिवाळा आला आणि गेला. त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात विषमज्वराची साथ होती. तात्यांनी तुला गाडीत गवत पसरून बारामतीला नेलं. जिथे पूर्वी अण्णा बसायचे त्याच पेठेतल्या नव्या डॉक्टरांनी पाहिलं. "ताप उतरण्याची वाट बघायची," ते म्हणाले, "यावर औषध नाही." आम्ही एका ओळखीच्या घरी उतरलो. काकी कपाळावर ओल्या घड्या ठेवत होती. तुझी मराठी एकेक शब्दानं गळून गेली. आधी आमची नावं गेली, मग पाणी हा शब्द गेला, आणि मग तू नुसती तुझ्याच भाषेत बोलायला लागलीस, भरभर, स्पष्ट, मध्येच प्रश्न विचारावा तशी थांबत. इतकी वर्षं तू माझ्याशी बोललीस, पण ती भाषा मी कधी पुरती शिकले नव्हते. आमा, भात, पाणी, ये, झोप, एवढेच शब्द यायचे. तू माझा हात धरून काहीतरी विचारत होतीस. पुन्हा पुन्हा तेच. काकी म्हणाली, "व्हय म्हन गं पोरी. काय बी इचारू दे, व्हय म्हन." मी म्हटलं, "व्हय, आमा." तू थांबलीस, ऐकलंस आणि पुढचं विचारलंस. मी पुन्हा व्हय म्हटलं. दुपारपर्यंत मी तुला किती गोष्टींना व्हय म्हटलं कोण जाणे. काय कबूल केलं ते मला आजही माहीत नाही. कऱ्हा नदीच्या काठी तात्यांनी तुला अग्नी दिला. तुमच्याकडे पुरतात, हे तू मला सांगितलं होतंस, मी त्यांना सांगितलंही. ते म्हणाले, "अगं, आपल्या घरची हाय ती." त्यांची माया त्यातच होती.

महायुद्ध संपल्यावर आपल्या शेजारच्या गावचा एकजण लष्करातून परतला. लॉरी चालवायचा. आसामातून ब्रह्मदेशात आणि तिथून थेट चीनमध्ये सामान नेत असे. मला कळलं तशी मी त्याच्या घरी गेले. त्यानं गावाचं नाव ओळखलं. म्हणाला, जपान्यांनी दोन वर्षं गाव धरलं होतं, मग चिनी फौजेनं वेढा घातला, आणि तट फोडून एकेक घर लढून घेतलं. "बाई, छपराचं घर म्हनून एक दिसलं न्हाय मला. नुसता काळा दगूड. पन लोकं व्हती. ढिगाऱ्यातनं दगडं निवडून एका अंगाला लावत व्हती."

मी विचारलं, "त्यात एखादा मुलगा होता का? माझ्याएवढा, थोडा लहान?"

त्यानं माझ्याकडे बघितलं. "बाई," तो म्हणाला, "समदी तसलीच व्हती."

मी त्याच्या अंगणात चहा प्यायले आणि घरी आले. हे तुला सांगायचं की नाही, तेव्हाही ठरवता आलं नाही. तुला वेढा ठाऊक होता, गुडघाभर गवत ठाऊक होतं. तू कदाचित म्हणाली असतीस, परत बसते. पण तो कुठे होता, तटाच्या आत की बाहेर, हे तू पहिल्यांदा विचारलं असतंस, आणि माझ्यापाशी त्याचं उत्तर नाही. मी पुढे बारामतीला मुलींच्या शाळेत शिकवलं, लग्न केलं, मुलं झाली. मधल्या काळात चीनशी आपली लढाई झाली, तेव्हा कुणी विचारलं तर मी तुझ्याबद्दल बोलायचं टाळायचे. पत्र लिहावं तर कुणाला, कोणत्या लिपीत, कोणत्या नावानं? त्याचं नाव तू कधी घेतलं नाहीस. "तो" म्हणायचीस, किंवा "ती", तुला जे आठवेल ते.

हे मी फाडणार नाही आणि कुणाला दाखवणारही नाही. ॲटलस नातीला परत द्यायचा आहे, तिची सोमवारी परीक्षा आहे.

एवढंच सांगते. माझी वेणी घालताना तुझे हात कधीकधी मध्येच थांबायचे, आणि मी मागे वळून बघायची नाही, कारण तेव्हा तू माझ्यापाशी नसायचीस. तो आता जिवंत असला तर म्हातारा असेल. मला त्याची कीव यायला हवी. येतेही. पण आमा, अजून मला त्याचा थोडा हेवाच वाटतो.